हात जागेवर ठेव, नाब

६ मार्च, सोमवार

चेगू पुष्पम् म्हणाली, शिकवणी झाली की काय चुकलं ते लिहून ठेव, नाहीतर उद्या परत तेच चुकवशील. मी म्हटलं, मी चौथीत शाळा सोडली, माझं अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं. ती म्हणाली, "मग कोंबडीसारखं लिही. पण लिही." गाडी शिकवणारी असली तरी आमच्याकडे तिला चेगूच म्हणतात, म्हणजे मास्तरीणबाई. ही तमिळ आहे. माझ्याहून लहान, पण ओरडते सासूसारखी.

आज चुकलं ते: सगळं. क्लच सोडला की गाडी बेडकासारखी उडी मारते आणि मरते.

"या वयात कशाला शिकतेस?" तिने विचारलं. सांगितलं. माझ्या म्हाताऱ्याची दोन्ही मूत्रपिंडं गेली. मंगळवार, गुरुवार, शनिवार त्याला शहरात रक्त धुवायला न्यावं लागतं. शेजारचा पाक मान आपल्या गाडीतून नेतो, पण तो हरी राया झाली, म्हणजे ईद झाली, की लेकीकडे राहायला जाणार, कायमचा. आमची जुनी व्हॅन अंगणात उभी आहे. म्हाताऱ्याला आता चालवता येत नाही, त्याची नजर अधू झाली. आणि थोरलीचा मुलगा फौझी मागच्या शनिवारी सगळ्यांसमोर म्हणाला, "राया झाली की बाबांना आमच्याकडेच आणू. सेंटर दारातच आहे."

थोरली म्हणजे माझी सवत. शहरात असते. एकदा म्हातारा तिकडे गेला की तिकडचाच. मला मूलबाळ नाही. मला रबराची झाडं आहेत आणि तो आहे.

नियमांचा पेपर संगणकावर असतो. मी हेडफोन कानाला लावून ऐकून ऐकून दिला, दुसऱ्या खेपेला पास झाले. एल मिळाला, म्हणजे शिकाऊ लायसन्स. आता पी पाहिजे. पी म्हणजे अजून पक्कं नाही, दोन वर्षं सरकार डोळा ठेवणार. ठेवू दे. शेजारी मास्तरीण न बसवता गाडी नेता येते ना, मला तेवढंच पाहिजे.

९ मार्च

चेगूपासून एक गोष्ट लपवली होती. आज फुटली.

मी लाताह आहे. आमच्या गावात हे कोणाला सांगावं लागत नाही. कोणी दचकवलं की माझं डोकं माझं राहत नाही. समोरचा जे ओरडेल ते मी करते. "फेक" म्हणाला की हातातलं फेकते, "नाच" म्हणाला की नाचते, आणि तोंडातून तो एक शब्द सुटतो. तो इथे लिहीत नाही. चौथीपर्यंत तो शिकवला नव्हता. क्षणभराचंच असतं. मग मी भानावर येते आणि सगळे पोट धरून हसत असतात.

बाजाराच्या रस्त्याला मागून मोटारसायकलवाल्याने कर्कश हॉर्न दिला. माझे दोन्ही हात वर. स्टिअरिंग मोकळं. तो शब्द मोठ्याने. चेगूच्या पायाखाली तिचा वेगळा ब्रेक असतो, म्हणून आम्ही आज जिवंत आहोत. समोर केळीवाल्याची गाडी होती.

चेगूने गाडी कडेला घेऊन हँडब्रेक ओढला. मग म्हणाली, "तू लाताह आहेस."

"नाही. दचकले."

"दचकल्यावर माणूस अगंबाई म्हणतं. तू काय म्हणालीस ते मी माझ्या नवऱ्यालासुद्धा कधी म्हटलेलं नाही."

मी तिचा हात धरला. म्हटलं, चेगू, हाकलू नकोस. ती म्हणाली, "मी दारुडे शिकवले, एका डोळ्याचे शिकवले. पण त्यांचे हात त्यांच्या ताब्यात होते, बाई. कोणाला मारलंस तर?" मी तिचा हात सोडला नाही.

शेवटी म्हणाली, रविवारी ये. मैदानातच शिकवीन. रस्त्यावर नाही.

११ मार्च, शनिवार

रक्त धुवायचा दिवस. थोरली डबा घेऊन आलीच. कक याह म्हणते मी तिला, कक म्हणजे ताई. तोंडावर ताई, पोटात आग.

तिचे गुडघे फुगलेत. बाकावर बसताना भिंत धरते. म्हातारा सुया टोचून आत झोपलेला आणि आम्ही दोघी बाहेर, मधे डबा. विचारते, "नाब, लायसन्स कधी मिळेल?"

म्हटलं, मिळेल तेव्हा मिळेल.

"राया आधी मिळेल का पण?"

बघा. दिवस मोजतेय बाई. मी म्हटलं, तुम्ही कशाला काळजी करता? तर म्हणाली, "आमच्याकडे जिना आहे गं. दोन माणसं लागतात वर न्यायला. फौझी सकाळी कामाला जातो." मला जिना ऐकवते. म्हणजे त्यांचं घर दोन मजली आहे हे मी विसरू नये.

डब्यातली पेज म्हाताऱ्याने दोन चमचे खाल्ली. माझ्या हातची असती तर वाडगा चाटला असता.

२० मार्च

हाजी सालेहच्या मुलीच्या लग्नाची जेवणावळ. आम्ही बायका पहाटेपासून रांधतोय. मी आधीच सांगून ठेवलं, आज कोणी मला दचकवायचं नाही, मी गाडी शिकतेय, सवय मोडायचीय. "नाही गं, कोण दचकवतंय," सगळ्या म्हणाल्या. आणि एका मेलीने मागून झाकण आपटलं! दुसरी ओरडली, "ढवळ, नाब, ढवळ!" मी हातातला पळा घेऊन हवा ढवळायला लागले. तो शब्द ओरडले. इमामाची बायको शेजारीच होती. तीही हसली.

मीसुद्धा हसले नंतर. नेहमी हसते. काय करणार, रुसून बसलं तर रांधायला कोण बोलावतं?

पण आज पळा धुताना वाटलं, हा पळा नसून स्टिअरिंग असतं तर.

घरी आले. म्हातारा खाटेवर. मी चहाचा कप घेऊन वाकले, त्याने कमरेत बोट खुपसलं. "फेक!" कप खिडकीबाहेर. तो इतका हसला, इतका हसला की खोकला आला. मी पाठ चोळली.

सगळ्या गावात मला सर्वात जास्त तोच डिवचतो. लग्नाआधीपासून. लोक म्हणायचे, लाझिमने दुसरी बायको नाही केली, तमाशा घरी आणला. म्हणू देत. रक्त धुवायला लागल्यापासून तो बोलत नाही, पाणी मोजून मिळतं म्हणून चिडतो, टीव्हीकडे बघतो पण बघत नाही. हसतो तो फक्त एवढ्यालाच. त्याला कसं सांगू, नको?

कप गेला. दांडी मिळाली.

३ एप्रिल, सोमवार

परीक्षा.

लिहायचं नव्हतं. चेगू म्हणाली लिही.

आधी सगळे छपराखाली बसून असतात. माझ्याशिवाय सगळी विशीतली पोरं. एका मुलीच्या हातून हेल्मेट खाली पडलं. मी उडाले, तो शब्द ओरडले. मग एकजण म्हणाला, "अरे, लाताह! मकचिक लाताह आहे!" मकचिक म्हणजे मावशी. मावशीला त्यांनी नाचवलं. "मकचिक, नाच!" नाचले. "मकचिक, सलाम ठोक!" ठोकला. फोन काढून धरले होते. परीक्षेचा साहेब दारात उभा राहून बघत होता.

मग चढ. चढावर गाडी एकटीने न्यायची, पिवळ्या चौकटीत थांबवायची, हँडब्रेक ओढायचा, मग मागे न सरकता पुढे काढायची. मी थांबवली. बरोबर चौकटीत. हँडब्रेक ओढला. मैदानात शंभरदा केलेलं. आणि कुंपणापलीकडून कोणीतरी शिट्टी मारली आणि ओरडलं, "सोड, मकचिक!"

सोडला. सगळं सोडलं. हँडब्रेक, क्लच, स्टिअरिंग. गाडी मागे मागे घसरत गेली आणि खांब आडवा झाला.

त्या वेळी मागे दुसरी गाडी नव्हती. असती तर आत कोणाची तरी मुलगी असती.

साहेब ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. हळू म्हणाला, "मकचिक, पुढच्या वेळी डॉक्टरचं पत्र आणा. त्याशिवाय मी गाडीत बसू देणार नाही." माणूस बरोबर बोलला. म्हणूनच जास्त लागलं.

घरी म्हाताऱ्याने विचारलं, काय झालं? म्हटलं, खांब आडवा आला.

५ एप्रिल

दवाखान्यातली डॉक्टर पोरगेली. आधी ओठ चावून हसू दाबलं, मग बरी बोलली. औषध नाही म्हणाली. "जितकं दचकवतील तितकं ते वाढतं, मकचिक. लोकांनी थांबवलं तर कमी होईल. सर्वात जास्त कोण दचकवतं तुम्हाला?"

म्हटलं, कोणी नाही.

तिने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "एक महिना कोणी दचकवू नका म्हणावं. मग या. मी मागून टाळी वाजवीन. हात जागेवर राहिले तर पत्र देईन."

एक महिना! गावात एक दिवस जात नाही.

७ एप्रिल, शुक्रवार

इमामाकडे गेले. म्हटलं, नमाज झाल्यावर भोंग्यावरून सांगा. तो म्हणाला, "भोंगा अजानसाठी आहे, कक नाब." म्हटलं, हरवलेल्या बकऱ्या सांगता ना त्यावर? मी बकरीपेक्षा कमी आहे का?

सांगितलं त्याने. अख्ख्या गावाला ऐकू गेलं: राया होईपर्यंत जेनाबला कोणी दचकवू नये, तिच्या नवऱ्याच्या जिवाचा प्रश्न आहे.

म्हाताऱ्यानेही ऐकलं. खिडकीशी बसला होता.

१६ एप्रिल

भोंग्याचा हा परिणाम. पोरं सायकलवरून येतात आणि लांबूनच ओरडतात, "मकचिक, आम्ही येतोय हं! हळू येतोय!" दुकानदार सुट्टे पैसे ठेवतानासुद्धा खोकून ठेवतो. पाक मान हॉर्न न वाजवता दारात गाडी घेऊन ताटकळत बसतो.

काल बाराव्या वळणावरच्या घरी जेवणावळ होती. मला बोलावलं नाही. विचारलं तर म्हणे, "भांडी पडतात गं, तुला त्रास." इतकी वर्षं मी समजत होते की माझ्या मसाल्यासाठी बोलावतात.

म्हातारा एकदाही डिवचत नाही. बोटं मांडीखाली घालून बसतो. जेवत नाही. काल म्हणाला, "नाब, मी थोरलीकडे जाऊ का? तिकडे टीव्ही मोठा आहे."

मी ताट आपटलं. माझं मीच आपटलेलं असलं की दचकायला होत नाही. म्हटलं, जा! आत्ता जा! चालत जा! आणि मग बाहेर रबराखाली जाऊन बसले. चिकाच्या वाट्या भरून वाहत होत्या. उचलल्या नाहीत. ज्याच्यासाठी हे चाललंय त्यालाच नको असेल तर मी कोणासाठी क्लच दाबतेय?

२३ एप्रिल



म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून आमच्या व्हॅनमध्ये शेजारी बसवून रबराच्या मळ्यातल्या मातीच्या वाटेने नेलं. तिथे कोणी येत नाही. म्हटलं, बांग, बघा तरी, मी शिकले. बांग म्हणजे अहो, नवऱ्याला म्हणतात तसं. पहिला गिअर, दुसरा गिअर. छान चाललं होतं. त्याने काच खाली केली. वारा लागला त्याला. चेहरा उघडला. सतरा वर्षांपूर्वीचा दिसला क्षणभर.

आणि त्याने कमरेत बोट घातलं. "वळव!"

वळवली. सरळ चरात.

त्याचा डावा हात. डॉक्टरांनी तिथे शीर जोडून ठेवलीय, सुया तिथेच टोचतात. दुसरी जागा उरलेली नाही, हे त्यांनी मला दोनदा सांगितलंय. मनगटाच्या वर कान लावला की मांजर घुरघुरतं तसा आवाज येतो. मी रोज सकाळी लावते. घुरघुर आहे तोवर तो आहे. तो हात दारावर आपटला. रक्त. मी माझा डोक्यावरचा रुमाल सोडून बांधला आणि कान लावला. मला माझंच काळीज ऐकू येत होतं, दुसरं काही नाही. "गप्प बस!" मी माझ्या काळजाला ओरडले. मग ऐकू आलं. घुरघुर.

पाक मानने शहरात नेलं. शीर वाचली. फौझी दवाखान्यात सगळ्यांसमोर ओरडला, "वेड्या बाईच्या हातात गाडी देता? बाबा मेले असते!" मी खाली बघून उभी. म्हातारा गादीवरून म्हणाला, "माकड आडवं आलं."

"कुठलं माकड?"

"मोठं. म्हातारं. त्याचीच चूक."

फौझी त्याला थोरलीकडे घेऊन गेला. जखम भरेपर्यंत, म्हणाला. जखम भरल्यावर पुढचं काही म्हणाला नाही.

२६ एप्रिल

घरात माझाच आवाज. सकाळी कान लावायला हात नाही.

चेगूकडे गेले, तिने दिलेलं नियमांचं पुस्तक परत द्यायला. तिने परत माझ्या पिशवीत टाकलं. म्हटलं, तू म्हणाली होतीस ना, कोणाला मारलंस तर? झालंच असतं. ती म्हणाली, "झालं असतं. म्हणून आता नीट शिकायचं." मग म्हणाली, "एक सांग. तू भांडत असतेस तेव्हा कोणी दचकवलंय तुला?"

विचार केला. नाही. बाजारात माशावरून भांडताना मागे टोपली पडली होती एकदा. मला नंतर कळलं.

"मग तुझं तोंड रिकामं असतं तेव्हा दुसऱ्याचा शब्द आत शिरतो. तोंड रिकामं ठेवू नकोस. गाडीत बसलीस की बोलत राहा. स्वतःला हुकूम सोड. हात जागेवर ठेव, नाब. क्लच दाब, नाब. शिवी दे हवी तर. पण तूच बोल."

तिने मैदानात गाडी चालवायला लावली आणि मागच्या सीटवर बसून थाळी बडवली. मी बोलत होते. थाळी ऐकू आली, आणि हात उठले, थोडेच, आणि परत बसले. दुसऱ्यांदा कमी. घसा बसला.

आज चुकलं ते: आरसा विसरले. बोलण्याच्या नादात.

४ मे

थोरलीचा फोन. "नाब, परीक्षा कधी?" म्हटलं, तारीख लावायचीय. ती म्हणाली, "तो जेवत नाही गं माझ्या हातचं. भिंतीकडे तोंड करून बसतो. काल म्हटलं, काही बोला, तर म्हणे, नाबची व्हॅन चरातून काढली का?" मग थांबली. "माझे गुडघे जिन्याला उरले नाहीत, नाब. लवकर कर."

चोंबडी. स्वतः सेवा करते हे मला ऐकवायला फोन. पण व्हॅनचं विचारलं त्याने. हे मात्र तिने मुद्दाम सांगितलं, का कोण जाणे.

व्हॅन काढली. पाक मानने दोर लावून ओढली. दार चेपलंय.

९ मे

डॉक्टरने टाळी वाजवली. मी स्टुलावर बसून पुटपुटत होते, हात जागेवर, नाब, हात जागेवर. टाळीला खांदे उडाले. हात मांडीवर. मग तिने न सांगता लोखंडी ट्रे खाली टाकला. लबाड पोरगी. तो शब्द तोंडात आला, दातांपर्यंत आला. गिळला. हात मांडीवर.

"कोणाशी बोलत होतात, मकचिक?"

"माझ्याशी. दुसरं कोण ऐकतं?"

तिने पत्र लिहिलं.

२९ मे, सोमवार

रोजे सुरू झालेत. उपाशी पोटी परीक्षा. पाणीही नाही, आणि मला बोलत राहायचंय. जीभ टाळ्याला चिकटलेली.

छपराखाली बसलेच नाही. उन्हात उभी राहिले, सगळ्यांपासून लांब. तोच साहेब. पत्र वाचलं, घडी केली, खिशात ठेवलं.

चढ. हात जागेवर, नाब. थांबव. हँडब्रेक. कुंपणाकडे बघू नको. क्लच अर्धा. गाडी थरथरली की सोड, तुझ्या मनाने सोड, कोणाच्या सांगण्याने नको. चढले. वर पोचल्यावर रडू आलं, तर उतारावर रडत उतरले. बोलत बोलत रडत उतरले. पार्किंग झालं. वळण झालं.

मग रस्ता. साहेब शेजारी. मी पुटपुटतेय.

"मकचिक, कोणाशी बोलता?"

"गाडीशी, साहेब. ती ऐकत नाही."

"चालू द्या."

बाजाराचा रस्ता. तोच. केळीवालाही तोच. आणि मागून लाकडं भरलेल्या लॉरीने हॉर्न दिला, कान बधिर होतील असा. माझी जीभ सुकून बोलणं तेवढ्यातच अडखळलं होतं. शब्द सुटला. तो शब्द. भर रोज्यात, सरकारी माणसाच्या कानात, जितक्या मोठ्याने येतो तितक्या मोठ्याने.

साहेब समोर बघत राहिला. मीही. मी खाली बघितलं तर हात स्टिअरिंगवर होते. दोन्ही. बोटं पांढरी पडली होती, पण होती तिथेच. गाडी सरळ चालली होती.

बाकीचा रस्ता कसा झाला आठवत नाही. थांबवल्यावर मी म्हटलं, साहेब, माफ करा, तोंडातून गेलं.

तो कागदावर लिहीत होता. वर न बघता म्हणाला, "हात जागेवर होते. तोंडाची परीक्षा आम्ही घेत नाही."

पास.

चेगू मैदानाच्या फाटकात उभी होती. मी तिला सांगितलं तर तिने माझ्या पाठीत धपाटा घातला आणि मग घाबरून स्वतःचंच तोंड दाबलं. मला काही झालं नाही. मला तर हसूसुद्धा आलं नाही. मी रस्त्याच्या कडेला बसून राहिले.

३ जून, शनिवार

रक्त धुवून होईपर्यंत मी व्हॅन घेऊन सेंटरच्या दारात. एकटी गेले, चेपलेल्या दारासह. फौझीने व्हॅनला एक फेरी मारली, टायरला लाथ मारली, लायसन्स हातात घेऊन वाचलं. मग म्हणाला, "हळू जा." बस्स.

थोरली त्यांच्या जिन्यावरून भिंत धरून खाली आली. रुमालाच्या गाठीतून काहीतरी काढलं. लाल पी चे दोन कागद, काचेला चिकटवायचे. कडा मळून वर आलेल्या. किती दिवस जवळ ठेवले होते देव जाणे. तिने स्वतः चिकटवले, पुढे एक, मागे एक, थुंकी लावून. "सुटू नयेत," म्हणाली. स्वस्तातले आणले असणार, म्हणूनच सुटायची भीती. तरी मी म्हटलं, कक याह, गुडघ्याला लसूण तेल लावा. ती म्हाताऱ्याच्या डोक्यावरची टोपी सरळ करून आत गेली. मागे वळून बघितलं नाही. दार मात्र पटकन लागलं.

आज चुकलं ते: बाजाराच्या वळणावर इंडिकेटर उशिरा दिला.

म्हातारा शेजारी. दोन्ही हात मांडीखाली घालून बसलेला, पोरांना शाळेत बसवतात तसा. मी सगळा रस्ता बोलत होते. क्लच दाब, नाब. हळू, नाब. तो श्वासही जपून घेत होता. मला वाटलं, हे असंच राहणार आता? आठवड्यातून तीनदा, मी बोलणार आणि हा हात दाबून बसणार?

अंगणात रंबुतानच्या झाडाखाली व्हॅन थांबवली. इंजिन बंद केलं. हँडब्रेक ओढला. किल्ली काढून खिशात टाकली. म्हटलं, "बांग, आता."

"आता काय?"

"आता डिवचा."

"नको."

"डिवचा म्हणते ना! गाडी बंद आहे."

त्याने हात मांडीखालून काढला. बोट माझ्या कमरेत खुपसलं. "फेक!"

काही झालं नाही.

आतून काही उसळलं नाही. त्याचा शब्द कानावर आला आणि नुसता शब्दच राहिला. माझ्या हातात त्याची पाण्याची बाटली होती, ती हातातच होती. तो माझ्याकडे बघत होता. तोंड थोडं उघडं.

मग मी बाटली जोरात खिडकीबाहेर भिरकावली. तो शब्द ओरडले, रोजा असून ओरडले. कोंबड्या पळाल्या.

तो हसला. जरा उशिराने हसला. अशक्तपणा आहे, दुसरं काय. पण मग बराच वेळ हसत राहिला, हसता हसता बाहीने डोळे पुसले, आणि म्हणाला, "नाब, अगदी पहिल्यासारखी."

मग चेपलेलं दार खांद्याने ढकलून उघडलं आणि उतरला. मी म्हटलं, कुठे चाललात? कुंपणाला धरून, पाऊल पाऊल टाकत कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत गेला. वाकला. मला वाटलं पडतोय. त्याने बाटली उचलली, लुंगीला पुसली, आणि तितक्याच हळू परत येऊन खिडकीतून माझ्या हातात दिली.

इतक्या वर्षांत मी फेकलेलं त्याने कधी उचलून आणलं नव्हतं.